धरणगावचा वाडा यवतमाळात



नाटककार महेश एलकुंचवार आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तले धरणगावकर देशपांडे वऱ्हाडी बोलतात, पण हा वाडा पहिल्यांदा उभा राहिला तो मुंबईत. १९८५ साली, ‘कलावैभव’तर्फे, विजया मेहतांच्या दिग्दर्शनात. पुढे १९९४ला चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी त्याला ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ जोडून तिन्ही नाटकं सलग केली. प्रयोग चालायचा जवळपास नऊ तास! २०१४ला त्यांनीच ‘वाडा’ पुन्हा रंगभूमीवर आणला. वैभव मांगले थोरला भास्कर, निवेदिता सराफ त्याची बायको, म्हणजे घराची वहिनी.

जुनं नाटक पुन्हा आलं की माणसं हळवी होतात. ओसरी, माजघर, आजीचा खोल आवाज... “आमचाही असाच वाडा होता हो!” मला हा हळवेपणा मान्य नाही. एलकुंचवारांनी वाड्यासाठी अश्रू ढाळलेले नाहीत. घरातले वडील तात्याजी गेले, तेरवी तोंडावर आली, हातात पैसा नाही, पण मोठेपणा सोडवत नाही. मुंबईचा भाऊ सुधीर आला तर त्याच्याकडेही भास्कर संशयानेच पाहतो. बहीण प्रभाचं शिक्षण याच घराने थांबवलं. चंदू घरचाच, पण राबतो गड्यासारखा. आणि अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर! शेती सुधारायला आणलेलं यंत्र. ते चालवायचं तर शेतात उतरावं लागतं, आणि तेच या घराला जमत नाही. १९५८च्या विदर्भ कूळ कायद्याने जमिनी गेल्या म्हणून घराणी बुडाली, असं आपल्याकडे अजून ऐकू येतं. ट्रॅक्टर मात्र वेगळी साक्ष देतो.

‘युगान्त’मध्ये दुष्काळाने गावच ओस पडतं. आपल्याला ते कल्पित कसं वाटेल? ‘वाडा’ रंगमंचावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९८६ला, आपल्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपेंनी कुटुंबासह आत्महत्या केली.

असं नाटक ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत कसं न्यावं, हे स्कॉटलंडमध्ये दिसतं. तिथे जॉन मॅकग्रा यांनी १९७३ साली एक नाटक केलं. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं कशी हुसकली, मग श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणं कशी आली आणि शेवटी तेलकंपन्या कशा आल्या, याची ती कहाणी. मंडळी ते घेऊन डोंगराळ भागातल्या गावोगावच्या सभागृहांत गेली. ज्यांचे पूर्वज हुसकले गेले, तेच समोर बसलेले. प्रयोग संपला की त्याच जागी नाच व्हायचा. २०१५ला डंडीच्या नाट्यसंस्थेने ते पुन्हा केलं आणि २०१९ला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रंगभूमीने पुन्हा दौऱ्यावर नेलं.

‘वाड्या’चं खरं पुनरुज्जीवन मी असंच मोजतो. मुंबई-पुण्यात हाउसफुल्ल झालं, आनंद आहे. पण वहिनीचं वऱ्हाडी ऐकून जिथे कुणी ‘गोड बोली’ म्हणणार नाही, तिथे त्या संवादांचा कस लागेल. म्हणून आयोजकांना विनंती: पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेतला एक दिवस व्याख्यात्याला देऊ नका. रीतसर परवानगी घ्या, इथल्या, दिग्रसच्याच मुलामुलींकडून ‘वाडा’ बसवून घ्या. नेपथ्य साधं चालेल. ट्रॅक्टर मात्र खरा आणा.