हिरडीआड राहिलेले सिमेंट

धारवाडच्या एका अंगास बेलूरची कारखान्यांची वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगास, हुबळीच्या वाटेवर, सत्तूरचे दंतवैद्यक महाविद्यालय. बेलूरच्या कारागिरास दोन भाग चिकटविताना जादा लुकण सांध्यातून बाहेर येणारच हे पक्के ठाऊक असते. बाहेर आलेले तो फडक्याने पुसून टाकतो. तोंडात मात्र हे जादा लुकण दिसेनासे होते, आणि सारी पंचाईत तेथेच आहे.

पडलेल्या दाताच्या जागी हाडात टिटॅनियमचा स्क्रू रोवतात. हाडाने तो धरला की त्यावर खांब जोडून दाताची टोपी बसवितात. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात असे स्क्रू प्रथम बसविले. टोपी पुष्कळदा सिमेंटाने चिकटवितात. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात, म्हणून वरून येणारे सिमेंट ते थोडेबहुत अडवितात. धातूत तंतू रुतत नाहीत. ते नुसते त्याला लागून उभे असतात. टोपी दाबताच सिमेंट सरळ खाली उतरते. त्याभोवती जंतू साचतात, हिरडी सुजते आणि हाड झिजू लागते. दुखणे बहुधा नसतेच, म्हणून रोगीही गाफील राहतो.

अमेरिकेतील टॉमस विल्सन यांनी हिरडीखाली सूक्ष्म दुर्बीण घालून पाहिले. त्यांच्या २००९ सालच्या अहवालात, सुजलेल्या ४२ जागांपैकी ३४ ठिकाणी सिमेंट सापडले. कोणास चार महिन्यांत त्रास झाला, तर कोणास नऊ वर्षांनी! सिमेंट काढल्यावर बहुतेक ठिकाणची सूज ओसरली.

वास्तविक लागतो तो सिमेंटाचा पातळ थर. टोपी काठोकाठ भरणे हा निव्वळ हात सैल सोडण्याचा प्रकार होय. यावर एक साधी युक्ती आहे. खांबाची प्रतिकृती आधी करून ठेवावी, सिमेंट लावलेली टोपी तोंडाबाहेर तिच्यावर दाबावी, निघालेले जादा सिमेंट पुसावे आणि मगच टोपी तोंडात बसवावी. टोपीची कड हिरडीखाली खोल नसावी. क्ष-किरणात उमटणारे जस्तयुक्त सिमेंट बरे. राळेची काही सिमेंटे चित्रात दिसतच नाहीत. अर्थात चित्रातही कडेचे तेवढे दिसते, पुढचे व मागचे दाताआड दडते. जेथे टोपी स्क्रूनेच आवळता येते, तेथे सिमेंटाचा प्रश्नच उरत नाही.

ज्यांनी असा दात बसविला आहे, त्यांनी घासताना तेथून रक्त येते काय, हिरडी दाबल्यास पू दिसतो काय, एवढे पाहावे. दिसल्यास दात हलण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे, आणि टोपी सिमेंटाने बसविली होती की स्क्रूने, हेही त्यास सांगावे.