चार बोटं पातं

माझ्या पुतण्यानं शेतावर गावठी कोंबड्या पाळायला घेतल्या, आणि जोडीला पिंजऱ्यातल्या पाळीव सशांच्या चार जोड्या. धंदा हळूहळू जमतोय. परवा तो मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, ही सुरी मागवू का?" चित्रातली सुरी वीतभर पात्याची होती. पाठीवर करवतीसारखे दात, काळी गुळगुळीत मूठ. शिकाऱ्यांची सुरी म्हणून विकायला ठेवलेली. मी विचारलं, "कापायचंय काय?" म्हणाला, "कोंबडी नाहीतर ससा."

शेजारी त्याचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, बसला होता. दादा काही बोलला नाही. त्यानं फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. ते बोट १९६८ सालापासून वाकत नाही.

आज मी सुरीबद्दल बोलणार आहे ते या बोटामुळे.

आमच्या आबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. हरभऱ्याच्या दिवसांत कधी ससा, कधी तित्तर घरी येई. त्या काळी लहान शिकारीला परवाने मिळत. आज रानातला ससा किंवा तित्तर मारणं हा गुन्हा आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीनं तीही गेली. आबांनी बंदूक त्याच्या बरीच आधी जमा केली होती. सुरी मात्र घरात राहिली. हातातलं जनावर रानातलं असो की पिंजऱ्यातलं, ते सोलायची आणि साफ करायची रीत काही बदलत नाही.

१९६८च्या थंडीत आबा बाहेरगावी गेले होते. आदल्या रात्री आणलेला ससा साफ करायचं काम दादावर आलं. दादा सोळा वर्षांचा, मी बारा. दादानं जत्रेतून एक सुरा आणला होता. आठ इंची पातं, शिंगाची चकचकीत मूठ. आबांची जुनी सुरी खुंटीवर होती. ती त्याला काढावीशी वाटली नाही. मी मागचे पाय धरले. दादानं पोटात सुरा खुपसला. पातं लांब, त्यामुळे टोक थेट आतड्यात गेलं. सगळीकडे घाण झाली. मग पित्ताची पिशवी फुटली. घाईत त्यानं जोर लावला. मूठ चरबीनं निसरडी झालेली आणि पुढे बोट अडवायला काहीच नाही. हात सरकून पात्यावर गेला आणि बोट वाकवणारी शीर तुटली. जखम भरली, पण बोट तसंच ताठ राहिलं. दादा गावच्या भजनात तबला वाजवायचा. त्या बोटानं 'ना' पुन्हा कधी नीट उमटला नाही. आबा परत आले तेव्हा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आरं, जनावर केवढं, सुरा केवढा!"

सुरी निवडण्याची पहिली कसोटी हीच. कोंबडी, ससा, लाव्ही यांच्यासाठी पातं चार बोटं पुरे. इंचात सांगायचं तर तीन ते चार. याहून लांब पात्याचं टोक कुठं पोचलंय ते आपल्याला कळत नाही. पोट उघडताना सुरीचं टोक आपल्या दोन बोटांच्या मध्ये, बोटांच्या आड राहिलं पाहिजे. आधी कातडीला बारीकशी चीर द्यायची. मग दोन बोटं आत घालून पोटाचं पडदं वर उचलायचं आणि धार आकाशाकडे ठेवून बोटांच्या मधून सुरी पुढे न्यायची. आतडी खाली राहतात, पातं वर चालतं. वीतभर सुरा बोटांच्या आड मावतच नाही.

दुसरं, टोक. सुईसारखं टोक नको. पाठीकडून हळूच खाली उतरलेलं, जरा बोथट नाकाचं टोक बरं. ते चिरतं, पण भोसकत नाही. कलेजीला चिकटलेली हिरवट पिशवी म्हणजे पित्त. तिच्या भोवतीचा कलेजीचा तुकडा तिच्यासकट काढून टाकावा. पिशवी फुटली तर सगळं मटण कडू होतं, हे ज्याच्या घरी एकदा झालंय त्याला सांगायला नको.

तिसरी गोष्ट मुठीची, आणि दादाच्या बोटामुळे माझ्या लेखी ती सर्वांत मोठी. दुकानात सुरी कोरड्या हातानं बघू नका. हाताला थोडं तेल नाहीतर साबणाचं पाणी लावा आणि मूठ आवळा. सरकली तर ती सुरी ठेवून द्या. मुठीच्या पुढच्या टोकाला उंचवटा हवा, म्हणजे बोट पात्यावर जाणार नाही. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि खिळ्यांनी पक्कं केलेलं असावं. मिटायची सुरी खिशाला सोयीची, पण तिच्या सांध्यात रक्त आणि चरबी अडकते आणि तिथंच कुजते. या कामाला ती नको. पाठीवरचे करवतीचे दातही नकोत. लहान जनावरात करवतायला असतं काय? पाय सांध्यावर, दोन हाडांच्या मध्ये सुरी घातली की सुटतो. हाडच तोडायचं तर सत्तूर वेगळा असतो. सुरीनं हाड तोडायला गेलात तर धार जाते, आणि धार गेली की जोर लावावा लागतो. बहुतेक बोटं कापली जातात ती या जोरापायी.

चौथी गोष्ट पोलादाची. आबांची सुरी घिसाड्यानं मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून केलेली. गावाबाहेर पाल पडलं की भाता सुरू व्हायचा. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन शेकडा अर्ध्याहून जास्त असतो, म्हणून पाणी दिलं की ते कडक होतं आणि धार धरतं. त्याची खोड एकच, ओलं राहिलं की गंजतं. धुऊन, पुसून, गोड्या तेलाचं बोट फिरवलं की वर्षानुवर्षं टिकतं. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, कारण त्यात क्रोमियम असतं. पण सगळं स्टेनलेस सारखं नव्हे. ताटवाट्यांचं जे स्टील, ते पाणी देऊन कडक होत नाही. त्याची स्वस्त सुरी दोन कोंबड्यांत बोथट होते. ज्याला सुरी पुसायचा कंटाळा आहे त्यानं चांगलं स्टेनलेस घ्यावं. ज्याला धार लावायचा कंटाळा आहे त्यानं कुठलीच घेऊ नये. निसणा सुरीबरोबरच विकत घ्यायची वस्तू आहे. दोन्ही बाजूंनी सारखाच कल धरून पातं फिरवावं आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघावा. कागद फाटला तर अजून घासायचं. सरळ कापला तर सुरी तयार.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "एवढीशी सुरी घेऊन ससा सोलायला किती वेळ लागेल?" मग मी त्याला आबांची रीत दाखवली. मागच्या पायांच्या सांध्याभोवती एकेक चीर, आणि दोन्ही पायांच्या आतून एक जोडचीर. बस्स. तिथून सुरी खाली ठेवायची. कातडी आणि मांस यांच्यामध्ये बोटं सरकवायची आणि बनियन उलटं काढावं तशी कातडी डोक्याकडे ओढत न्यायची. सशाची कातडी पातळ असते, जोरानं ओढली तर फाटते. कोंबडीचंही तेच. छातीवर एक चीर, पुढचं काम हाताचं. लहान जनावराला सुरी कमी लागते आणि हात जास्त. मोठी सुरी हातात आली की माणूस हाताचं कामही सुरीवर ढकलतो आणि फसतो.

आणखी एक सूचना, कारण पुतण्याचा आता हा धंदा आहे. मरगळलेल्या किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याला सुरी लावायचीच नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या, हे विसरू नये. असा पक्षी दिसला तर उघड्या हातानं शिवायचं नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. सुरी, पाट आणि हात दर वेळी गरम पाण्यानं, साबण लावून धुवायचे. मटणाची सुरी भाजीला वापरायची नाही.

पुतण्यानं ती मोबाइलवरची सुरी मागवली नाही. मी आबांची सुरी काढून दिली. पन्नास-साठ वर्षं निसण्यावर घासून पातं निम्मं राहिलंय, पण चार बोटांचं माप अजून भरतं. मूठ दोनदा बदललीय. दादानं ती हातात घेतली, हाताला पाणी लावून आवळून बघितली आणि मुलाला म्हणाला, "मूठ धर आधी. धार मग बघ."

तुम्हीही सुरी घ्यायला जाल तेव्हा एवढंच करा. आधी हात ओला करा.