जिला जमत नाही, तिच्यापासून सहल ठरवू

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली, की आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. बचत जमा होते, हप्ते होतात, वही मिटते आणि कुणीतरी म्हणतं, "यंदा कुठं जायचं?" आज आपण सहलीबद्दलच बोलू.

आम्ही चाकणजवळच्या गावातल्या बाराजणी. कुणी कंपनीत कंत्राटी कामाला, कुणाची शेती, एकीच्या दारात दोन म्हशी, एकीचं शिवणकाम. आजी तर शहात्तर वर्षांच्या. आमची पहिली सहल आम्ही दोन बैठकांत ठरवली. रविवार धरला, खाजगी गाडी केली आणि एका दिवसात शिवनेरी, लेण्याद्री, ओझर असं तिन्ही उरकायचं ठरवलं.

बाराजणींतल्या आठच आल्या. शिवनेरीच्या अर्ध्या वाटेवरून दोघी परत फिरल्या. ओझरला पोचेपर्यंत अंधार झाला. सगळ्यांत वाईट म्हणजे दिवसभर आम्ही पाणीच प्यायलो नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. वाटेत बाथरूम कुठं मिळेल याची खात्री नव्हती. घरी आल्यावर एकीला लघवीची जळजळ सुरू झाली आणि दवाखाना गाठावा लागला.

पुढच्या बैठकीत न आलेल्या चौघी गप्प बसल्या होत्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की आम्ही त्यांना "येणार का?" एवढंच विचारलं होतं. "का जमत नाही?" हे विचारलंच नव्हतं. म्हणून दुसऱ्या वेळी उलटीकडून सुरुवात केली. ठिकाण नंतर, आधी अडचणी.

पहिली अडचण सुट्टीची. कंपनीत जाणारी ताई म्हणाली, "रविवारी आले तर खाडा पडतो, पगार कापतात." आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. मग गुरुवारच धरला. शनिवारी चाकणचा बाजार, रविवारी देवस्थानांना गर्दी, त्यामुळे गुरुवार सगळ्यांनाच सोयीचा पडला. संकष्टी त्या दिवशी येत नाही ना, हेही कॅलेंडरात पाहिलं.

दुसरी अडचण म्हशींची. वहिनी म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ धारा कोण काढणार?" गटातल्याच एकीच्या सासूबाईंना विनंती केली. त्यांचा हात म्हशींना सवयीचा व्हावा म्हणून आठ दिवस आधीपासून त्या गोठ्यात येऊ लागल्या. अनोळखी हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तिसरी अडचण आजींच्या गुडघ्यांची. शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्ही चढणं एका दिवसात नको, म्हणून शिवनेरी पुढच्या वर्षावर टाकली. लेण्याद्रीलाही तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आजींनी पायथ्याशी बसायचं आणि आम्ही दोन तुकड्यांत वर जायचं असं ठरवलं, म्हणजे त्यांच्याजवळ कायम कुणीतरी राहील. ओझरला मात्र चढ नाही, तिथं आजी सगळ्यांच्या पुढं.

चौथी अडचण पैशांची. ती त्या ताईनं बैठकीत सांगितली नाही, मागाहून एकटीनं येऊन सांगितली. म्हणून सहा महिने आधीच सहलीचा वेगळा डबा केला. दर आठवड्याला वीस रुपये, सव्वीस आठवड्यांचे पाचशे वीस. एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात भरायचे. एक नियम मात्र पक्का: गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावायचा नाही. सहलीची वही वेगळी, आणि आल्यावर हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा.

खर्च कमी कसा झाला तेही सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा जवळ लागतो. आजींचं आधार कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत टाकलं. चाकणहून राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावपर्यंत एसटीनं गेलो. पुढं लेण्याद्री आणि ओझरसाठी नारायणगावातून गाडी केली. भाडं आधी ठरवलं, गाडीचा नंबर घरी कळवला.

पाण्याचंही नियोजन केलं. कुठल्या स्टँडवर, कुठल्या पंपावर बाथरूम आहे ते आधी जाऊन आलेल्या बायकांना विचारून कागदावर लिहिलं. दर दीड-दोन तासांनी थांबायचंच. पिशवीत साबण, पॅड, जुने पेपर ठेवले. कुणी "मला नाही लागली" म्हटलं तरी उतरायचं. त्या दिवशी सगळ्या पोटभर पाणी प्यायल्या.

सकाळी सहाच्या आत चाकण सोडलं, कारण नंतर तळेगाव चौकातली कोंडी आपल्याला ठाऊक आहे. परतीला त्याच कोंडीचा तासभर जास्तीचा धरला आणि घरीही तीच वेळ सांगितली. त्यामुळे कुणाचा फोन आला नाही, कुणाची बोलणी बसली नाहीत.

लेण्याद्रीला डोंगरात कोरलेली तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत आणि सातव्या लेणीत गिरिजात्मजाचं मंदिर आहे. तिथं पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. माकडं फार, हातातली पिशवी ओढतात. म्हणून खाऊ खालीच आजींजवळ ठेवला. ओझरला दर्शन झाल्यावर कुकडीच्या काठी बसून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

तिथं म्हशींवाल्या वहिनी बराच वेळ पाण्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "लग्नाला अठरा वर्षं झाली. सकाळची धार दुसऱ्या कुणी काढली, असा हा पहिलाच दिवस." कुणी काही बोललं नाही. आजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवशी बाराच्या बाराजणी होतो.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत ठिकाणांची नावं घेण्याआधी एक फेरी करा. प्रत्येकीला विचारा, "तुला काय अडतं?" आणि जी गप्प बसेल, तिच्याशी नंतर एकटीशी बोला. सहल तिथूनच ठरवायला घ्या.