दातांमधील काळे त्रिकोण

दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की त्यांत फटी पडतात, अशी एक समजूत आहे. तिच्यापायी कित्येक माणसे वर्षानुवर्षे दातांवरचे किटण तसेच राहू देतात. हिरड्यांतून रक्त येत असूनही दंतवैद्याची पायरी चढत नाहीत. शेवटी धडधाकट दिसणारे दात हलू लागतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहणे म्हणून अगत्याचे ठरते.

दोन शेजारचे दात जेथे एकमेकांना टेकतात, त्याखाली एक त्रिकोणी पोकळी असते. निरोगी मुखात हिरडीचे गुलाबी टोक ती भरून काढते. हे टोक उभे असते ते आतल्या हाडाच्या आधारावर. किटणामुळे हिरडी सुजते आणि खालचे हाड हळूहळू झिजते. पण सूज व किटण यांनी पोकळी झाकलेली राहते. किटण निघाले, सूज ओसरली, की झाकलेली फट उघडी पडते. मुखातील अंधारामुळे ती काळी दिसते. दंतवैद्याच्या हत्याराने ती पाडलेली नसते. तिला केवळ उजेडात आणलेले असते.

अमेरिकेतील टार्नो व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर हिरडी जवळजवळ नेहमीच पोकळी भरते. ६ मिलिमीटर असेल तर निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, आणि ७ मिलिमीटर असेल तर सुमारे चतुर्थांश ठिकाणीच. एका मिलिमीटरचे मोल एवढे मोठे आहे!

उपायही याच मापावर आधारलेला आहे. दात कोरून त्यांवर टोप्या बसविणे हा जुना मार्ग. पण कोरलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. आम्लाने दंतवल्क खरखरीत करून त्यावर राळ चिकटविता येते, हे ब्युनोकोर यांनी १९५५ साली दाखविले. आज दात न कोरता, हिरडीलगत पातळ, पारदर्शक, वक्र पट्टी सरकवून दातांच्या रंगाचे राळमिश्रण भरतात व निळ्या प्रकाशाने कठीण करतात. दोन्ही दात मुळाशी किंचित रुंद होतात, स्पर्शबिंदू खाली येतो आणि हाडापर्यंतचे अंतर घटते. हिरडीच्या टोकात हायल्युरॉनिक आम्ल टोचण्याचाही एक उपाय आहे. मात्र त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो.

या भरणीलाही मर्यादा आहेत. तिच्यावर डाग पडतात, कधी कपचा उडतो. कड खरखरीत राहिली तर तेथे पुन्हा मळ साचतो. हाड फारच खचले असेल, तर भरलेले दात बोजड दिसतात. तेथे फट तशीच ठेवून बारीक ब्रशाने रोज स्वच्छ करणे शहाणपणाचे. आणि ज्या हिरडीतून रक्त येते तिच्याशेजारी शोभेची भरणी करणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे. आधी किटण काढावे, रक्त थांबू द्यावे. सौंदर्याचा विचार त्यानंतर.