बिऱ्हाड हललं, पत्ता जुनाच



विषयाचं नाव पत्रिकेत जरा भारदस्त छापलं गेलंय. मला खरं तर एका प्रिंटरची गोष्ट सांगायची आहे.

एका वाचनालयात आम्ही तीन जुने संगणक जोडून त्यांवर पुस्तकांची सूची, सभासदांची देवघेव आणि स्कॅन केलेले जुने अंक चालवत होतो. सगळं डॉकर या सॉफ्टवेअरच्या कंटेनरांत. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याचा लागेल तेवढा शिधा एकत्र भरलेला डबा. कुठला डबा कुठल्या संगणकावर ठेवायचा, एखादा पडला तर त्याजागी नवा कुठे मांडायचा, हे बघणारा कारभारी म्हणजे स्वॉर्म. २०१६ साली, १.१२ या आवृत्तीपासून, तो डॉकरमध्येच मिळतो. आमच्याकडे एक संगणक मॅनेजर होता आणि दोन वर्कर. मॅनेजरनं स्वतः डबे सांभाळायचे नाहीत, नुसते हुकूम सोडायचे, असं आम्ही लावून दिलं होतं. ऑफिसातल्यासारखंच.

पावसाळ्यात राउटर जळाला. नवा आणून बसवला, इंटरनेट सुरू झालं, चहा झाला, मी घरी आलो.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, देवघेव बंद पडलीय. जाऊन पाहतो तर मॅनेजर सांगतोय, दोन्ही वर्कर ‘डाउन’. सूचीच्या नावापुढे ०/१, म्हणजे हवी एक, चालू शून्य. आणि शेजारच्या टेबलावर ग्रंथपालबाई त्याच सूचीत शोधून सभासदांना पुस्तकं काढून देतायत! कारभाऱ्याच्या वहीत सूची मेलेली, बाईंच्या पडद्यावर जिवंत.

दोन्ही खरं होतं. वर्करचा मॅनेजरशी संपर्क तुटला म्हणून तो हातातलं काम टाकत नाही. शेवटचा हुकूम जो मिळाला असेल, तो पाळत बसतो. सूचीचा डबा पडला नव्हता, म्हणून ती चालू होती. देवघेवीचा पडला, आणि त्याजागी नवा मांडा असं सांगणारा कुणी उरला नव्हता. असा बिघाड ओळखायला अवघड जातो, कारण तो ज्या दिवशी होतो त्या दिवशी दिसतच नाही. दोष राउटर बदलल्याच्या दिवशीचा, तक्रार तिसऱ्या दिवशीची.

मी काय केलं? सगळे करतात तेच. मॅनेजरचं मशीन बंद-चालू केलं. तीनदा. पण जुना पत्ता डिस्कवर लिहिलेला असेल, तर बंद-चालू करून तोच पुन्हा वाचला जातो, तेवढीच उजळणी. मग ‘डॉकर इन्फो’ ही आज्ञा दिली. त्यात ‘नोड अॅड्रेस’च्या ओळीत होतं १९२.१६८.१.१०. आणि मशीनला त्याचा खरा पत्ता विचारला, तर १९२.१६८.१.२३.

राउटर जे पत्ते आपोआप वाटतो, त्याला इंग्रजीत ‘लीज’च म्हणतात. भाडेपट्टा. मुदतीचा. जुन्या राउटरनं वर्षानुवर्षं तोच पट्टा वाढवून दिला, म्हणून आम्हाला ते घर मालकीचं वाटायला लागलं. स्वॉर्म उभा करताना मॅनेजरनं तोच पत्ता आपला म्हणून लिहून ठेवला, आणि वर्करांनी आपापल्या वहीत उतरवून घेतला. नव्या राउटरला यातलं काय ठाऊक? बिऱ्हाड हललं, रेशनकार्डावर जुनीच चाळ.

गंमत पुढेच आहे. वर्करांचे पत्ते मी हातानं पक्के करून दिले होते, मॅनेजरचा सोडला होता. डॉकरच्या माहितीपुस्तकात नेमकं उलट सांगितलंय: मॅनेजरचा पत्ता कायमचा हवा, वर्करांचे बदलले तरी चालतील. मॅनेजर तीन असते, तर वर्करांना दुसऱ्याचं दार ठोठावता आलं असतं. आमचा एकच.

आता प्रिंटर. वर्करची नोंदवही उघडली, तर तो बिचारा दर थोड्या वेळानं १९२.१६८.१.१० च्या २३७७ क्रमांकाच्या दारावर थाप मारत होता, आणि उत्तर येत होतं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. या दोन शब्दांपाशी थांबा. घर रिकामं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, किंवा आलंच नसतं. इथे घरात कुणीतरी होतं आणि ‘इथे तसं कुणी राहत नाही’ म्हणत होतं. नव्या राउटरनं तो पत्ता प्रिंटरला दिला होता! तीन दिवस आमचे वर्कर प्रिंटरकडे हुकूम मागत होते.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. राउटरच्या पानावर .१० हा पत्ता मॅनेजरच्या नेटवर्क कार्डाच्या नावे राखून ठेवला, प्रिंटर बंद-चालू करून दुसरीकडे हलवला, मग मॅनेजर सुरू केला. वर्कर आपणहून परत आले. त्यांची ओळखपत्रं शाबूत होती. ती मूळ मांडणीत ९० दिवसांची असतात आणि मॅनेजरकडूनच नवी होतात, म्हणून फार काळ असं तुटून राहू देऊ नये.

जुना पत्ता परत मिळणारच नसेल, तर आधी डॉकर थांबवून स्वॉर्मच्या फोल्डरची प्रत काढा. मग डॉकर सुरू करून ‘स्वॉर्म इनिट’ला ‘फोर्स-न्यू-क्लस्टर’ जोडा आणि नवा पत्ता द्या. सेवांची यादी टिकते, पण प्रत्येक वर्करला स्वॉर्म सोडून पुन्हा दाखल व्हावं लागतं. त्या फोल्डरातल्या फायलीत पत्ता साध्या अक्षरांत दिसतो आणि खोडून नवा लिहायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण मॅनेजरची खरी वही कूटबद्ध असते, ती असल्या खाडाखोडीनं बदलत नाही. कुबरनेटिस हा स्वॉर्मसारखाच दुसरा कारभारी, तो वापरणाऱ्यांचं दुखणं याहून वाईट: तिथे मुख्य सर्व्हरच्या प्रमाणपत्रातच पत्ता कोरलेला असतो, तो बदलला की प्रमाणपत्र नव्यानं काढा.

वाचनालयात मॅनेजर आता .१० वर आहे, प्रिंटर .४१ वर. दोघांच्याही पाठीवर मी पत्ता लिहून चिकटपट्टी लावलीय.