तेरा फुटी ट्रेलरमध्ये आणखी सामान कुठे मावणार?

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, तर आजचा विषय तुम्हाला लगेच कळेल, कारण विषय आहे कमी जागेत जास्त सामान.

आम्ही दोघं अमेरिकेत मिनेसोटाला राहतो. आमच्याकडे जुना स्कँप ट्रेलर आहे. स्कँप म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायची फायबरग्लासची छोटी खोली. तो याच राज्यात, बॅकस नावाच्या गावात बनतो. लांबी १३ फूट, पण त्यात पुढचा लोखंडी दांडाही आला, म्हणजे आतली खोली जेमतेम दहा फुटांची. त्यात दोन बाकडी, एक टेबल, शेगडी, छोटं सिंक, फ्रिज आणि एक उभं कपाट. दोघांना छान पुरतं. पण या उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा आले आणि चौघांनी साउथ डकोटातल्या बॅडलँड्सला जायचं ठरलं. झोपायला ते दोघं आत, आम्ही बाहेर तंबूत. सामान मात्र चौघांचं, आणि त्यात आईचं स्वयंपाकघर.

आईने ट्रेलर पाहिला आणि पहिला प्रश्न: "अरे, यात माळा कुठेय?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे जागा कमी पडली की माळा काढतात. इंटरनेटवरसुद्धा सगळे तेच करतात. मागच्या खिडकीच्या वर प्लायचं लांब कपाट ठोकायचं, आधी-नंतरचे फोटो टाकायचे, संपलं. फोटो सुंदर असतात. त्या कपाटाचं वजन किती आणि ते चाकाच्या पुढे आहे की मागे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचंय.

आधी हिशोब बघू. प्रत्येक ट्रेलरवर एक पाटी असते, त्यावर सगळं धरून जास्तीत जास्त वजन किती चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या पाटीवर २२०० पाउंड आहे. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे असतात, तिथे नेऊन रिकामा ट्रेलर तोलला, तर १६४० भरला. उरले ५६०, म्हणजे साधारण २५४ किलो. वाटतं भरपूर. पण १२ गॅलनची पाण्याची टाकी भरली की त्यातले १०० पाउंड तिथेच संपले. आणि १८ मिलिमीटर प्लायची एक अख्खी शीट तीस किलोच्या आसपास असते. म्हणजे कपाटात चमचासुद्धा ठेवलेला नाही आणि कपाटानेच वजन खाल्लं! म्हणून आत काही बनवायचंच असेल तर ६ मिलिमीटरचा प्लाय घ्या, तोही तुकड्यांत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. वजन कुठे आहे? मी बाबांना हे इंजिनिअरच्या भाषेत समजवायला गेलो. टॉर्क, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे गाडी उलाळते, असंच ना?"

अगदी तेच! बैलगाडीला दोनच चाकं. ऊस मागे जास्त भरला तर मागचा भार खाली जातो, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला तर सगळं ओझं त्यांच्या खांद्यावर. आमच्या ट्रेलरलाही दोनच चाकं, आणि बैलांच्या जागी आमची कार.

नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या जोडावर, म्हणजे हिचवर, पडायला हवं. आता गणित ऐका, सोपं आहे. हिचपासून चाक साधारण ९ फुटांवर. समजा भरलेला ट्रेलर १९४० पाउंड आणि हिचवर २१०. ठीक चाललंय. आता चाकाच्या मागे ४ फुटांवर, म्हणजे त्या फोटोतल्या मागच्या खिडकीवर, कपाट आणि सामान मिळून ६० पाउंड वाढवले. हिचवरचं वजन २७ ने कमी होऊन १८३ झालं, आणि ट्रेलर झाला २००० चा. म्हणजे दहा टक्क्यांच्या खाली गेलात. एका कपाटाने.

त्याने काय होतं? शेपूट जड झालेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डुलायला लागतो. ठराविक वेगाच्या वर ते डुलणं आपोआप कमी होत नाही, वाढत जातं. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याची हवा लागली, एवढं निमित्त पुरतं. आणि बॅडलँड्सच्या रस्त्यावर मैलोन्मैल मोकळं माळरान, वारा कायमचा. मागच्या सीटवर आई-बाबा. चुकून असं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा हातातला कंट्रोल असेल तर तो हळू दाबा.

हिचवरचं वजन घरी मोजता येतं, बाथरूमच्या वजनकाट्यावर. एवढं वजन थेट काट्यावर ठेवू नका, मोडेल. एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये ३ फूट अंतर. ट्रेलरचं तोंड विटेपासून १ फुटावर फळीवर टेकवा. काट्यावर जे येईल त्याला तीनने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं, बरं का. बाबांना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी तीनदा करून पाहिला.

मग आम्ही काय केलं? मागे काहीच ठोकलं नाही. जड वस्तू चाकाच्या बरोबर वर, बाकड्याच्या पोटात. तिथे वरून फळी उचलून सामान काढायला लागायचं, आपल्या बॉक्स दिवाणासारखं, म्हणजे बसलेल्या माणसाला दरवेळी उठवा. म्हणून बाकड्याच्या बाजूला चौकोन कापून दार केलं आणि आत दोन प्लास्टिकचे क्रेट सरकवले. कुकर, तांदूळ, डाळी, तवा, सगळं तिथे. कापण्याआधी आत वायर, गॅसची नळी, हीटरची हवा कुठून जाते ते टॉर्च लावून बघा. हवेच्या जाळ्या झाकायच्या नाहीत. आणि गॅसचा सुटा सिलिंडर कितीही छोटा असला तरी आत ठेवायचा नाही, तो बाहेरच.

डब्यांवरून आईशी वाद झाला. तिला स्टीलचे गोल डबे हवेत. मी म्हटलं, आई, चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की २१ टक्के जागा कोपऱ्यांत वाया जाते. ती म्हणाली, "कोपऱ्यात लसूण ठेवीन." शेवटी मिसळणाचा डबा गोल, बाकी चौकोनी. खलबत्ता घरी राहिला. यावर दोन दिवस अबोला होता, पण राहिला.

हलक्या सामानासाठी छताखाली शिंकं! आजीच्या स्वयंपाकघरात दुधा-लोण्यासाठी टांगलेलं असायचं तेच, फक्त इथे ताणाची जाळी. टॉवेल, स्वेटर, ब्रेडचं पाकीट. दाराच्या मागे कापडी खिशांचा पडदा, त्यात आईची बीपीची औषधं, चष्मे, चार्जर. म्हणजे रात्री अंधारातही हात लावला की सापडतं.

आता भोकांबद्दल. स्कँपच्या भिंतीत लाकडी सांगाडा नसतो. फायबरग्लासचं कवच, वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग जोडलेला, बस्स. स्क्रू मारला तर तो धरायला आत काही नाही, आणि आरपार गेला तर पाऊस आत. आम्ही लाकडाच्या छोट्या पट्ट्या आतून इपॉक्सीने चिकटवल्या, चोवीस तास सोडल्या, आणि हूक त्या पट्ट्यांत मारले. आतलं उभं कपाट अडतं म्हणून काढून टाकायचा विचार असेल तर थांबा, ते छतालाही आधार देतं.

आणि बाकड्याच्या पोटात सामान कवचाला टेकवून भरू नका. रात्री थंडीने भिंतीला आतून पाणी सुटतं, कपडे कुबट होतात. बोटभर फट ठेवा, तळाला जाळीदार चटई टाका.

सगळं भरून पुन्हा काट्यावर गेलो. एकूण २०३०, हिचवर २३५. साडेअकरा टक्के. तुमच्या कारच्या हिचची स्वतःची मर्यादा असते, ती पण मॅन्युअलमध्ये बघून घ्या. बाबांनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली, म्हणाले गावी दाखवीन.

पुढच्या भागात ट्रेलरची बॅटरी आणि सोलर. भेटूया!