चेंडूला हात न लावणारा पैलवान



मुरगुडात यायचं आणि कुस्तीवर बोलायचं नाही, हे मला जमणार नाही. सदाशिवराव मंडलिक राष्ट्रीय कुस्ती संकुलामुळं या गावाचं नाव आता मुलींच्या कुस्तीसाठी घेतलं जातं. म्हणून मी आज एका पैलवानाची गोष्ट घेऊन आलोय. तो कोल्हापूरचा नाही, अमेरिकेचा आहे. नाव स्टीफन नील.

1999 साली अंकाऱ्याला जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. 130 किलो गटात, फ्रीस्टाईलमध्ये, सोनं नीलनं घेतलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्यानं ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं. होय, तुम्ही टीव्हीवर बघता तोच लेस्नर. पण ही खरी कुस्ती होती, गुणांवर लढलेली. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिक. सगळ्यांना वाटत होतं, हा जाणार. पण ऑलिंपिकला एका वजनगटात एका देशाचा एकच पैलवान उतरतो, आणि निवड चाचणीत नील केरी मॅकॉयकडून हरला. जगज्जेता घरी बसला.

आपल्याकडं अशा वेळी लोक पटकन बोलतात, ‘संपला पैलवान.’ नील मात्र 2001 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाच्या सरावाला जाऊन उभा राहिला. हा संघ अमेरिकन फुटबॉलचा. कॉलेजात असताना तो या खेळाचा एकही सामना खेळलेला नव्हता.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांच्यात जो रंगतो, तो हा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, तो हातानं फेकतात, हातात घेऊन पळतात. चेंडू घेऊन डाव रचणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. पैसा, जाहिराती, नाव, सगळं त्याच्याकडं. त्याच्यापुढं पाच धिप्पाड माणसं ओळीनं वाकून उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागं देतो, आणि त्या क्षणी समोरून तेवढीच दांडगी माणसं क्वार्टरबॅकला आडवं करायला धावून येतात. या पाच जणांनी त्यांना अडवायचं. किती वेळ? साधारण तीन सेकंद. तेवढ्यात चेंडू फेकला गेला तर यांचं काम झालं. सेंटर चेंडू मागं देतो तेवढाच. बाकीच्यांच्या हाताला अख्खा सामनाभर तो लागत नाही. गुण त्यांच्या नावावर मांडले जात नाहीत. मैदानात त्यांचं नाव पुकारलं जातं ते बहुतेक वेळा चूक झाली की, कारण समोरच्याला पकडून ठेवलं तर संघाला दहा यार्ड मागं जावं लागतं.

नीलची खरी अडचण इथं होती. पैलवानाचं आयुष्य पकडीवर उभं असतं. दस्ती खेचायची, मनगट धरायचं, पटात शिरून पाय उचलायचा. आणि या खेळात नियम असा, की तळवे समोरच्याच्या छातीवर रेटायचे, पण घट्ट धरून ठेवायचं नाही. जे हात वर्षानुवर्षं आवळायला शिकले, त्यांना रेटून मोकळं राहायला शिकवायचं होतं. मात्र कुस्तीचं बाकी सगळं कामाला आलं. कंबर खाली ठेवायची, समोरच्याच्या छातीखाली जायचं, त्याचा तोल कुठं चाललाय हे नजरेच्या आधी हातांना कळायला हवं. इथल्या कोणत्याही वस्तादानं ती ओळ पाहिली तर पहिल्या पाच मिनिटांत तो पायांकडं बघेल, चेंडूकडं नाही.

सुरुवातीला संघानं त्याला काढूनही टाकलं, मग पुन्हा घेतलं. 2002 साली उजव्या गार्डच्या जागी त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं आणि त्याच सामन्यात खांदा गेला. पुढचा 2003 चा हंगामही बुडाला. 2004 मध्ये तो परत आला, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये त्याच्या संघानं सुपर बोल, म्हणजे या खेळाचा अंतिम सामना, जिंकला, 24 विरुद्ध 21. छायाचित्रं क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची छापली गेली. 2010 च्या हंगामापर्यंत नील त्याच संघात होता.

याच ओळीतला दुसरा माणूस जो थॉमस. क्लीव्हलँड ब्राउन्सचा डावा टॅकल. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डावीकडून येणारा हल्ला दिसत नाही. ती बाजू राखणं हे थॉमसचं काम. 2007 ते 2017 या काळात सलग 10,363 डाव तो मैदानातून एकदाही बाहेर आला नाही. शेवटी दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. त्याचा संघ मात्र इतका कमकुवत, की त्या अकरा हंगामांत एकदाही बाद फेरीत पोचला नाही. तरीही 2023 साली खेळाच्या सन्मान दालनात त्याला मानानं घेतलं. हरणाऱ्या संघातला माणूस आपलं काम रोज चोख करत होता, हे कुणीतरी नीट पाहत होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मी तुम्हाला फक्त गोड बाजू सांगणार नाही. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर याच ओळीतला सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला. 2002 साली पन्नासाव्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली, तेव्हा डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांची खूण सापडली. त्यानंतर त्या खेळाला आपले नियम बदलावे लागले. पोरांनो, पोरींनो, डोक्याला मार बसला, गरगरलं, तर वस्तादांना त्याच दिवशी सांगा. वजन उतरवायला पाणी तोडू नका. दुकानात मिळणाऱ्या डब्यांवर आणि कुणीतरी आणून दिलेल्या इंजेक्शनांवर शरीर उभं राहत नाही, ते मोडतं. हे मी पालकांनाही सांगतोय.

अमेरिका आणि आपली कुस्ती यांची गाठ जुनी आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना मॅटवरची कुस्ती शिकवली ती रीस गार्डनर या अमेरिकन पैलवानानं. खाशाबा तिथं सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. गार्डनरचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी खाशाबांसाठी घर गहाण ठेवलं, ते निदान आपण अजून सांगतो. गणपतराव आंदळकरांचे किताबही आपण सांगतो. 1960 चे हिंदकेसरी, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला तो मोतीबाग तालमीत दुसऱ्यांचे डाव दुरुस्त करण्यात. ती वर्षं कुठल्या पदकावर कोरलेली नाहीत, आणि माझ्या मते तीच त्यांची मोठी कमाई आहे.

तालमीत प्रत्येक जिंकणाऱ्या मुलीमागं एक-दोन मुली असतात. रोज पहाटे तिला लढत देणाऱ्या, तिच्याच हातून शेकडो वेळा खाली पडणाऱ्या, तिचा डाव पक्का व्हावा म्हणून स्वतःचा डाव बाजूला ठेवणाऱ्या. त्यातल्या काही जणी पुढं पंच होतील, प्रशिक्षक होतील, पोलीस भरतीत जातील, काही जणी शेती बघतील. त्यांचा घाम वाया गेला असं मी मानत नाही, आणि त्यांच्या घरच्यांनीही मानू नये.

म्हणून संस्थेकडं माझी एक विनंती आहे. आता बक्षीस वितरण होईल. पदक मिळवलेल्या प्रत्येक मुलीला व्यासपीठावर येताना तिच्या सरावाच्या जोडीदारणीला सोबत आणू द्या, आणि माईकवरून दोन्ही नावं वाचा. यादीत दुसरं नाव नसेल तर विजेत्या मुलीला विचारा, ती लगेच सांगेल. सर, यादी माझ्याकडं द्या, पहिली दोन नावं मीच वाचतो.